वॉलाड आडनावाचे सत्तावीस जण

बावीस वर्षांत आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या एकालाही माझी नोकरी नीट कळलेली नाही. कुणाला वाटतं मी लायब्ररीत आहे, कुणाला वाटतं डेटा एंट्री. एका काकांनी गणपतीत माझी ओळख "या युद्धाचं काहीतरी करतात" अशी करून दिली होती. म्हणून आधी काम सांगते आणि मग राग. राग बराच आहे, तेव्हा काम थोडक्यात.

मी सूची करते. अमेरिकेतल्या ईडन प्रेरी या गावात आमची एक मध्यम आकाराची कंपनी आहे. जुन्या सरकारी कागदांचे खोके आमच्याकडे येतात, आम्ही ते स्कॅन करतो, त्यांतली नावं, ठिकाणं, तारखा वेगळ्या काढतो आणि लोकांना ऑनलाइन शोधता येतील अशा याद्या तयार करतो. माझ्या वाट्याला पॅसिफिक महासागरातलं युद्ध आलं: दोस्त राष्ट्रांचे विमानहल्ले आणि बेटांवर फौजा उतरवणं. अमरावतीच्या मुलीला समुद्राशी काय देणंघेणं, असं माझा नवरा अविनाश म्हणतो. मला समुद्राशी नाही, रकान्यांशी देणंघेणं आहे. याद्या करणं हा माझा स्वभाव आहे आणि त्याचाच मला पगार मिळतो.

बेट घेणं म्हणजे काय, ते कागदांवरून असं दिसतं. आधी विमानं येऊन फोटो काढतात. फोटोंवर कुणीतरी पेन्सिलीनं गोल काढून त्यांना नंबर देतो. हा दारूगोळा, ही धावपट्टी, ही बराक. मग काही आठवडे त्या गोलांवर बॉम्ब पडतात. याला त्या कागदांत किनारा मऊ करणं म्हणतात. हा शब्द मी सूचीत हजारो वेळा टाकला असेल, आणि दर वेळी मला परातीतली कणीक आठवायची. मग एका पहाटे जहाजं येतात, त्यांतून सपाट तळाच्या होड्या सुटतात, होडीची पुढची भिंत फळीसारखी खाली पडते आणि माणसं पाण्यात उतरतात. पहिली लाट, दुसरी लाट, तिसरी लाट. लाट म्हणजे इथे माणसांची. भरती-ओहोटीचं गणित चुकलं तर होड्या प्रवाळावर अडकतात आणि छातीभर पाण्यातून चालत जावं लागतं. संध्याकाळी एक अधिकारी वाळूत खुर्ची टाकून काय उतरलं, किती उतरलं, किती मेले याची यादी करतो. त्या माणसाबद्दल मला फार आपुलकी होती. माझ्या जातीचा माणूस.

माझी गिऱ्हाइकं म्हणजे ईमेल आणि फोन करणारे लोक. बहुतेकांना वडील, आजोबा, काका शोधायचे असतात. काही नमुनेही असतात. ऑर्विल नावाचे एक ऐंशीचे गृहस्थ दर मंगळवारी दहाच्या ठोक्याला फोन करायचे. त्यांचे वडील एका बेटावरच्या हल्ल्यात अशीच एक होडी चालवत होते. ऑर्विलनी तळघरात पिंगपाँगच्या टेबलावर त्या बेटाचं अख्खं मॉडेल केलं होतं, प्लॅस्टरचे डोंगर, मॉसची झाडं, सगळं. होडीच्या आतल्या बाजूचा रंग करडा की हिरवट करडा, यावर आम्ही दोन महिने घालवले. मी त्यांच्या प्रश्नांना नंबर देत असे. ही गोष्ट घडली तेव्हा एक्केचाळिसावा प्रश्न चालू होता.

आता माझी चूक. चूक मीच केली आणि ती अगदी व्यवस्थित केली.

जुन्या कागदांत एकच माणूस चार याद्यांत चार वेळा येतो. जहाजाच्या यादीत, दवाखान्याच्या, पगाराच्या, सुटकेच्या. शोधणाऱ्याला चार माणसं दिसू नयेत म्हणून या नोंदी एकत्र कराव्या लागतात. त्यासाठी नियम मी लिहिला: आडनाव सारखं, पहिलं नाव सारखं, ठिकाण सारखं, तर माणूस एकच. मधलं अक्षर वेगळं असेल तर दुर्लक्ष करा, कारण टायपिस्ट मधली अक्षरं हमखास चुकवतात. आणि एकत्र केलेल्या नोंदींमध्ये एक 'मृत' आणि एक 'सुटका' असेल, तर नंतरच्या तारखेची धरा. अमेरिकन नावांसाठी हा नियम सोन्यासारखा चालला. मला त्याबद्दल एक प्रशस्तिपत्रकही मिळालं, ते फ्रेममध्ये आहे. म्हणजे होतं.

ऑर्विल यांच्या त्याच बेटाच्या खोक्यात सुटका झालेल्या आणि मेलेल्या कैद्यांची एक टाइप केलेली यादी होती. फौजा उतरल्यावर जपान्यांच्या ताब्यात सापडलेले मजूर. त्यात वॉलाड आडनावाचे बरेच जण होते. इंग्रजीत W-A-L-A-D. माझा मॅनेजर ग्रेग तेव्हा म्हणाला होता, "बघ गं, एकाच घरातली इतकी माणसं. काय त्याग!" मी मान हलवली होती. मला ते मलायी किंवा अरबी आडनाव वाटलं. मी पुढे गेले. त्या दिवशी माझ्या यादीत आणखी चार खोके होते.

गेल्या वर्षी मार्चमध्ये अमेरिकेतल्याच ट्रॉय शहरातून इरा नावाच्या मुलीचं ईमेल आलं. ती तिथे फिजिओथेरपिस्ट आहे, जन्म इथलाच. तिच्या आजोबांचे वडील ब्रिटिशांच्या फौजेत होते, सिंगापूर पडल्यावर जपान्यांच्या कैदेत गेले आणि मजुरीसाठी जहाजानं बेटांवर नेले गेले. पुढे काहीच कळलं नाही. ईमेलमध्ये चौकशी नव्हती, तक्रार होती. ऑक्टोबरमध्ये तिनं आमच्या वेबसाइटवर चौकशी केली होती, तेव्हा उत्तर आलं होतं: आपल्या नातेवाइकाची सुटका झाल्याची नोंद आम्हाला मिळाली आहे, हे कळवताना आम्हाला आनंद होतो. आता तिला एवढंच हवं होतं की सुटका झाल्यावर ते गेले कुठे.

तो 'आनंद होतो' मी लिहिलेला होता. टेम्प्लेट नंबर चार.

मी फोन केला. सुरुवातीला इरा इंग्रजीत, अगदी कोरडं बोलली. मी माझं नाव सांगितल्यावर मराठीवर आली.

"ओह. तुम्ही मराठी आहात? काकू, मग तुम्हीच एक्सप्लेन करा त्यांना. मला नाही जमत. आजोबांनी त्या लेटरनंतर वडिलांचं नाव टाकणंच बंद केलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे सगळीकडे. चेकवर, फार्मसीत. यशवंत पिसाळ, दॅट्स इट. मधलं 'गोविंदा' नाही. फार्मसीवाले म्हणतात, नेम डझन्ट मॅच. पित्र घालायचे ना ते, तेपण स्टॉप केलं."

मग फोनवर आजोबा आले. पंच्याऐंशी वर्षांचे, माण तालुक्यातल्या पिंपरीचे, एसटीच्या डेपोत मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले आणि आता मुलाकडे ट्रॉयला.

"बाई, एकच सांगा. जित्ता सुटला म्हंता, मंग घरला आला का न्हाई?"

मी इराचं ईमेल पुन्हा उघडलं.

"आमच्या आयनं मरस्तवर कुकू पुसलं न्हाई. अख्खं गाव म्हनायचं, त्यानं तिकडं दुसरी केली. आय म्हनायची, मेला असंल पर तसं करायचा न्हाई. मी आयचं खरं धरलं, बाई. पंच्याऐंशी वर्सं धरलं. आन आता तुमचं सरकारच लिवून देतंय, जित्ता सुटला."

"काका, मी सरकार नाही. मी फक्त यादी करते."

"मंग यादी बगा की," ते म्हणाले.

पहिलं शहाणपणाचं वाक्य. यादी कुणी पाहिलीच नव्हती. यादी मशीननं पाहिली होती, मी मशीनला नियम दिला होता.

मी मूळ स्कॅन उघडला. इराच्या चौकशीवर आमच्या सिस्टिमनं जुळवलेली नोंद होती 'वॉलाड, गोविंदा एस.'. पिसाळ आडनाव कुठेच नव्हतं. नाव आणि पलटण जुळली म्हणून मशीननं तो माणूस पुढे केला होता. त्याच्याखाली दुसरी ओळ होती, 'वॉलाड, गोविंदा टी.'. एस. मृत, टी. सुटका. माझ्या नियमानं मधलं अक्षर सोडून दिलं होतं आणि दोघांचा एक केला होता. नंतरची तारीख सुटकेची, म्हणून तो एक माणूस जिवंत.

मग मी त्या यादीतले सगळे वॉलाड मोठ्यानं वाचले. वॉलाड, रामा डी. वॉलाड, रामा के. वॉलाड, तुकाराम बी. वॉलाड, रामा एन. तिसऱ्या रामावर माझ्या तोंडून शब्द नीट बाहेर पडला, मराठीत.

वलद.

दोन वर्षांपूर्वी बाबा गेल्यावर वारसनोंदीसाठी मी अमरावतीच्या तलाठी कार्यालयात तीन दिवस बसले होते. जुन्या फेरफारांवर पणजोबांचं नाव होतं: लक्ष्मण वलद आनंदा. मी विचारल्यावर तलाठी म्हणाला होता, "वलद म्हणजे मुलगा हो ताई. आनंदाचा लक्ष्मण." मी तो शब्द डायरीत लिहूनही ठेवला होता. लिहून ठेवणं माझं पक्कं असतं.

म्हणजे वॉलाड नावाचं घराणं जगात कधी नव्हतंच. सत्तावीस वेगवेगळ्या घरांतली माणसं होती. गोविंदा, कुणा एस.चा मुलगा. रामा, कुणा डी.चा मुलगा. त्या वेळच्या अमेरिकन टायपिस्टनं 'चा मुलगा' या शब्दाचं आडनाव केलं आणि बापाच्या नावाचं एक अक्षर शिल्लक ठेवलं. मी आले आणि तेही अक्षर पुसलं. सत्तावीस जणांचे माझ्या नियमानं चौदा झाले. तेरा माणसं मी नाहीशी केली, आणि त्याचं प्रशस्तिपत्रक भिंतीवर लावलं.

टाइप केलेल्या यादीला मागे एक जोडपत्र होतं. त्याच्या वर्णनात आमच्याच कंपनीच्या स्कॅनिंग विभागाचा शेरा होता: अवाच्य. मी ते मोठं करून पाहिलं. तांदळाच्या पोत्याच्या कागदावर पेन्सिलीनं लिहिलेलं. कैद्यांमधलाच कुणी हवालदार-क्लार्क असावा. अक्षर बारीक, इंग्रजी, एका रेषेत, प्रत्येक नावाला नंबर. Govinda walad Sakharam, mouje Pimpri, taluka Man. गाव, तालुका, सगळं. टायपिस्टनं गावं सोडून दिली होती. पुढे तारीख आणि एक शब्द: बॉम्ब. शेवटी ओळ होती की हे सगळे झऱ्याजवळच्या छावणीतले. त्या तारखेला अकरा नावं होती.

उपाशी माणसानं, पोत्याच्या कागदावर, एकही रकाना न चुकवता केलेली यादी. आणि आम्ही वातानुकूलित खोलीत बसून तिला 'अवाच्य' म्हणालो. मला वाळूतल्या खुर्चीतला अधिकारी माझ्या जातीचा वाटायचा. माझ्या जातीचा माणूस हा होता.

त्या बेटाच्या आकाशात बॉम्ब फक्त दोस्तांचे होते. त्या दिवसाचा विमानांचा अहवाल मीच सूचीबद्ध केला होता, तो शेजारच्या खोक्यात होता: निकाल उत्तम, बराकी बॉम्बनी पूर्ण झाकल्या गेल्या, विरोध नाही. पण त्या बराकी म्हणजेच झऱ्याजवळची छावणी, याचा पुरावा हवा होता. मंगळवारी दहाला ऑर्विलचा फोन आला.

"ऑर्विल, आज प्रश्न माझा," मी म्हटलं. "तुमच्या टेबलावर झऱ्याजवळ काय आहे?"

"पूर्वेला चौदा शेड. माझ्याकडे विमानातला फोटो आहे, त्यावर गोल आहे." ते खूश झाले. नंबर त्यांनी पाठ म्हणून दाखवला. अहवालातला नंबर तोच होता.

"बेटावर झरे किती?"

"एकच. का? कोण होतं त्या शेडमध्ये?"

मी सांगितलं. 

"मी तिथे 'शत्रूच्या बराकी' अशी पट्टी लावलीय," ते म्हणाले. "सॉल्टशेकरएवढ्या शेड केल्यात. आतून रिकाम्या."

वैमानिकांवर माझा राग नाही. त्यांना वरून छपरं दिसत होती आणि कागदावर बराक लिहिलं होतं. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मला सांगणारे कागद होते, त्यांवरचा शब्द माझ्या भाषेतला होता, आणि मी मान हलवली.

त्या आठवड्याच्या शेवटी त्या खोक्यांची अंतिम आवृत्ती प्रसिद्ध होऊन कायमची बंद होणार होती. नंतर दुरुस्त्या 'पुढच्या टप्प्यात', आणि पुढचा टप्पा बावीस वर्षांत मी पाहिलेला नाही. मी ग्रेगकडे कागद घेऊन गेले. रिलीझ थांबवायची चेकलिस्ट आमच्याकडे आहे, तीही मीच केलेली. कलम नऊ: मृत व्यक्ती जिवंत किंवा जिवंत व्यक्ती मृत दाखवली गेली असेल, तर काम तत्काळ थांबवावे.

ग्रेगनं वाचलं. माणूस वाईट नाही. दिवाळीला मी नेलेल्या करंज्या आवडीनं खातो.

"कलम नऊ सैनिकांसाठी आहे," तो म्हणाला. "हे सैनिक नाहीत. वर्गीकरण बघ: शत्रूचे मजूर."

"ते आपल्या बाजूचे सैनिक होते. कैदी होते."

"असतील. पण सापडले शत्रूच्या बाजूला. कागदावर जे आहे ते आपण बदलत नाही."

"कागदावर ते सत्तावीस आहेत, ग्रेग. चौदा मी केले."

"हे बघ, एवढ्या लाख नोंदी. तेरा म्हणजे..."

"पूर्ण कर ना वाक्य," मी म्हटलं. "तेरा म्हणजे काय?"

मी चेकलिस्ट त्याच्यासमोर ठेवली आणि शब्दावर बोट ठेवलं. "इथे 'सैनिक' लिहिलेलं नाही. 'व्यक्ती' लिहिलंय. मी लिहिलंय, मला माहीत आहे. रिलीझ थांबव, नाहीतर कलम नऊ मोडल्याची नोंद तुझ्या सहीनं कर."

रिलीझ थांबलं. दोन दिवस. मी नियम मागे घेतला, सत्तावीस जण परत वेगळे केले, बापांची नावं पूर्ण लिहिली, गावं लिहिली. गोविंदा सखाराम, मृत. गोविंदा तुळशीराम, सुटका. मग मृत्यूचं कारण. हा रकाना यादीतून निवडायचा असतो. पर्याय चार: शत्रूची कारवाई, आजार, अपघात, अज्ञात. ही यादी कुणाची, ते सांगायला नको.

मी पाचवा पर्याय मागितला: दोस्तांचा विमानहल्ला. ग्रेगनं वर विचारलं. वरून नकार आला. कारणही आलं, पर्याय वाढवले तर इतर खोक्यांशी मेळ बसणार नाही. आणि सोबत सूचना: शंका असल्यास 'शत्रूची कारवाई' निवडावी.

शत्रूची कारवाई! कैदी शत्रूच्या बाजूला सापडले म्हणून शत्रूचे मजूर, आणि आपल्या बॉम्बनं मेले म्हणून शत्रूची कारवाई. दोन्हीकडून तेच मेले. मी आयुष्यात ऑफिसमध्ये आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला, मराठीत. ग्रेगला शब्द कळले नाहीत, अर्थ कळला. अकराही नोंदींवर मी 'अज्ञात' निवडलं. ते खोटं आहे. आम्हाला ज्ञात आहे. पण त्या चार खोट्यांतलं ते सर्वांत लहान होतं, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

अविनाश म्हणाला, "राजीनामा दे यार." मी म्हटलं, मग पुढच्या खोक्यातले वलद कोण वाचणार?

ऑर्विलनी दोन मंगळवार फोन केला नाही. तिसऱ्या मंगळवारी केला. पट्टी काढली म्हणाले. नवीन पट्टीवर काय लिहायचं, हा बेचाळिसावा प्रश्न. त्यांनी अकरा नावांची स्पेलिंगं मागितली, वडिलांच्या नावांसकट.

आजोबांना मी स्वतः फोन केला, टेम्प्लेट न वापरता. सगळं सांगितलं: यादी, पोत्याचा कागद, छावणी, बॉम्ब कुणाचे ते. चूक माझी होती हेही सांगितलं.

"म्हंजी आय खरं बोलत हुती," ते म्हणाले.

"हो काका."

"तिला कुनी सांगितलं न्हाई ते."

"नाही."

"आमेरिकेच्या बाँबनं गेला, आन मी आमेरिकेत बसलोय जेवत." मग, "त्या पोरांनी वरनं टाकलं, त्यांना काय दिसनार. पर तुमी बाई खालीच हुता, कागदाजवळ. तुमाला दिसाय पायजे हुतं."



दुरुस्ती पक्की व्हायला नातेवाइकाचा सही केलेला फॉर्म लागतो. इरानं तो छापून आजोबांकडून भरून घेतला आणि पोस्टानं पाठवला. फॉर्मवर तीन चौकोन आहेत: पहिलं नाव, मधलं अक्षर, आडनाव. मधल्या चौकोनात एकच अक्षर मावतं. आजोबांनी चौकोन मोजलेच नाहीत. इंजिनाच्या भागावर खडूनं नंबर टाकावा तशा जाड देवनागरीत, तिन्ही चौकोन ओलांडून, समासापर्यंत लिहिलं होतं: यशवंत वलद गोविंदा वलद सखाराम पिसाळ, मौजे पिंपरी.

फॉर्म आधी मशीन वाचतं. माझ्याकडे आला तेव्हा त्यावर लाल शेरा होता: अवाच्य.

मी शेरा खोडला, आणि नाव मोठ्यानं वाचत टाइप केलं.